इंजिन बंद केलं म्हणजे प्रेशर गेलं असं नाही

मशीन बंद पडली की मालक मिस्त्रीला पहिला प्रश्न विचारतो, "किती टाइम लागंल?" दुसरा, "किती खर्च येईल?" तिसरा प्रश्न मी फार कमी मालकांच्या तोंडून ऐकला आहे. तो म्हणजे, "प्रेशर सोडलं का?"

आजची पोस्ट या तिसऱ्या प्रश्नावर आहे. थोडी लांब आहे. ज्यांच्या घरी ट्रॅक्टर आहे, ज्यांचा भाऊ-पुतण्या जेसीबीवर हेल्पर आहे, ज्यांनी शेततळं किंवा नाला खोलीकरण मशीनने करून घेतलं, त्यांनी शेवटपर्यंत वाचावी ही विनंती.

माझं होज पाईप, सील किट आणि हायड्रॉलिकच्या सामानाचं छोटं दुकान आहे. गिऱ्हाईक म्हणजे मिस्त्री, ऑपरेटर, ट्रॅक्टरवाले शेतकरी आणि जिनिंगमधले फिटर. फुटलेला पाईप काउंटरवर टाकतात, "असाच एक द्या" म्हणतात. पाईप मोजताना समोरच्याचे हातही दिसतात. भाजल्याचे डाग, अर्धं गेलेलं नख, न वळणारं बोट. विचारलं तर उत्तर एकच, "काई नाही भाऊ, पंप खोलताना लागलं थोडं."

हे "थोडं" नेमकं काय असतं, ते सांगतो.

आपल्या जिल्ह्यात गेल्या दहा-बारा वर्षांत मशिनीचं काम किती वाढलं ते डोळ्यांसमोर आणा. ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग आपल्या जिल्ह्यातून गेला. त्याचा नागपूर ते शिर्डी टप्पा ११ डिसेंबर २०२२ ला सुरू झाला. वर्धा-यवतमाळ-नांदेड रेल्वेमार्गाचा कळंबपर्यंतचा तुकडा २०२४ मध्ये चालू झाला, पुढचं काम सुरूच आहे. जलयुक्त शिवार झालं, गाळमुक्त धरण झालं. गिट्टी खदानी आहेत, मुरूम आहे, हायवा आहेत. हिंगणघाट, देवळी, सेलूकडच्या जिनिंग-प्रेसिंगमध्ये रुईची गठाण बांधणारा प्रेस आहे. या सगळ्यात एक गोष्ट सारखी आहे. ताकद लावतं ते तेल, आणि त्या तेलाला ढकलतो पंप. बऱ्याच बॅकहो लोडरमध्ये, ट्रॅक्टरच्या लिफ्टमध्ये, डंपिंग ट्रॉलीत हा पंप गिअर पंप असतो.

गिअर पंप दिसायला साधा. एका घट्ट डब्यात दोन गिअर एकमेकांत अडकून फिरतात. लोकांना वाटतं तेल दोन गिअरच्या मधून जातं. तसं नाही. दात आणि डब्याची भिंत यांच्यामधल्या खोबणीत बसून तेल बाहेरच्या बाजूने फिरतं आणि पलीकडे ढकललं जातं. मधे दात घट्ट बसलेले असल्यामुळे ते परत येऊ शकत नाही. पुढे बकेट मातीत अडली, वजन आलं, की तेलाला वाट मिळत नाही आणि दाब चढतो. बॅकहो लोडरमध्ये हा दाब साधारण २०० बारच्या वर जातो. कारच्या चाकात हवा किती असते? दोन-सव्वादोन बार. म्हणजे चाकाच्या शंभरपट दाब आपल्या मनगटाएवढ्या जाडीच्या पाईपातून फिरत असतो.

आता मुद्द्याचं. इंजिन बंद केलं की पंप थांबतो. पण तेलाचा दाब सगळीकडून जातोच असं नाही.

याचा पुरावा प्रत्येक शेतकऱ्याच्या अंगणात आहे. रोटाव्हेटर उचलून ट्रॅक्टर बंद करा. रोटाव्हेटर वरच राहतो ना? त्याला कोण धरून ठेवतं? अडकलेलं तेल. तो सकाळपर्यंत हळूहळू खाली आला तर समजा सील किंवा व्हॉल्व्ह झिजला. हेच तत्त्व जेसीबीच्या बूमला, पोकलेनच्या हाताला, ट्रॉलीच्या जॅकला लागू आहे. वर उचललेलं वजन म्हणजे साठवलेला दाब. मशीन शांत उभी आहे, आवाज नाही, धूर नाही, आणि पाईपात दाब बसलेला आहे. कोणत्या पाईपात किती राहिला ते बाहेरून डोळ्यांना दिसत नाही. मिस्त्रीने पाना लावला, दोन आटे ढिले केले, की मग समजतं.

म्हणून पंप उतरवायची एक रीत आहे. ही रीत माझी नाही, जगभरच्या मशिनीच्या पुस्तकांत कमीजास्त फरकाने हीच असते. आपल्या मिस्त्री लोकांसाठी साध्या भाषेत देतो.

१) आधी बघा, पंप खरंच गेला आहे का. मशीन ढिली पडली की लगेच "पंप गेला" म्हणतात. तेल कमी असेल, सक्शनची जाळी किंवा फिल्टर चोंदला असेल, सक्शन पाईपातून हवा ओढली जात असेल, रिलीफ व्हॉल्व्ह बिघडला असेल, तरी मशीन तशीच ढिली पडते. पंपातून गिट्टी खडखडल्यासारखा आवाज आला तर आधी सक्शनकडे बघा. गेज लावून प्रेशर मोजा. जो पंप उतरवायची गरजच नव्हती, तो न उतरवणं हीच पहिली सेफ्टी.

२) मशीन सपाट, कडक जागेवर. बकेट, बूम, लोडर पूर्ण जमिनीवर टेकवा. चाकांना ओट लावा. काही कारणाने लोडर वरच ठेवावा लागला तर कंपनीने दिलेला सेफ्टी स्ट्रट लावा. विटा, लाकडी ओंडका, हेल्परचा खांदा हे स्ट्रट नाहीत.

३) इंजिन बंद करा आणि सगळे लिव्हर सगळ्या बाजूंना दोन-चारदा फिरवा. अडकलेलं तेल टाकीकडे जातं. नव्या पोकलेनमध्ये लिव्हर थेट व्हॉल्व्हला जोडलेले नसतात, अॅक्युम्युलेटर असतो, तिथे चावी कोणत्या स्थितीत ठेवायची आणि काय क्रमाने करायचं ते त्या मॉडेलच्या पुस्तकातच बघा. अंदाज नको.

४) मग चावी काढा, बॅटरीचा स्विच बंद करा, आणि चावी मिस्त्रीच्या खिशात. ऑपरेटरच्या नाही, मालकाच्या नाही. ज्याचा हात मशीनमध्ये आहे त्याच्याच खिशात. "थोडी स्टार्ट करून बघू का?" हा प्रश्नच उरायला नको.

५) तेल थंड होऊ द्या. कामावरून आलेल्या मशीनचं तेल कातडी भाजण्याइतकं गरम असतं. टाकीचं झाकण एकदम नाही, हळूहळू सोडा, आतली हवा निघू द्या.

६) पंपाभोवतीची माती धुवून घ्या. पाईपांवर खुणा करा. टाकी बहुतेक वेळा पंपाच्या वर असते, म्हणून सक्शन पाईप सोडला की तेल धो-धो येतं. कॉक असेल तर बंद करा, नसेल तर तेल आधी स्वच्छ डब्यात काढून घ्या. वावरात सांडू नका.

७) पाईपाचा जोड एकदम खोलू नका. तोंड बाजूला, जाड फडकं जोडावर, थोडा ढिला करा आणि थांबा. सूं-सूं आवाज आला किंवा फवारा दिसला तर थांबा, पुन्हा लिव्हर फिरवा.

८) पंप जड असतो. शेवटचा बोल्ट निघाला की तो खाली लेटलेल्या माणसाच्या छातीवरच येतो. आधी पट्टा, चेनपुली किंवा खालून टेकू, मग बोल्ट. उघडी तोंडं लगेच बुचाने बंद करा.

९) नवीन पंप बसवण्याआधी फिरण्याची दिशा जुळवा, पंपात तेल भरा. जुना पंप तुटून गेला असेल तर टाकीत लोखंडाचा कीस असतोच. टाकी आणि फिल्टर साफ केला नाही तर नवीन पंपही जाईल. पहिली काही मिनिटं मशीन लोडशिवाय, मंद चालवा. आणि गळती हाताने कधीही, कधीही शोधू नका. पुठ्ठा फिरवा.

हा शेवटचा मुद्दा का महत्त्वाचा ते ऐका.

दाबाखालचं तेल बारीक छिद्रातून निघतं तेव्हा ते सुईसारखं कातडीत शिरतं. त्यासाठी २०० बार लागत नाहीत, साधारण सात बार पुरतात. बाहेर फक्त एक ठिपका दिसतो. रक्त नाही, फार दुखतही नाही. माणूस हात पुसतो आणि काम चालू ठेवतो. काही तासांनी बोट सुजतं, ताठरतं, काळं पडू लागतं. आत तेल शिरांच्या आवरणातून पसरत गेलेलं असतं. ही ऑपरेशनची केस आहे, आणि पहिले काही तास गेले तर बोट, कधी हात काढावा लागतो.

आपल्याकडे हा माणूस गावातल्या दवाखान्यात जातो आणि म्हणतो, "काहीतरी टोचलं." मग टिटॅनसचं इंजेक्शन, पट्टी आणि गोळ्या. डॉक्टरला दोष द्यायचा तर कसा द्यायचा? त्यांना जे सांगितलं तेच त्यांनी ऐकलं. खरं तर या बाबतीत वर्धा नशीबवान जिल्हा आहे. सेवाग्रामला १९६९ पासून मेडिकल कॉलेज आहे, सावंगीला दुसरं आहे. सर्जन आपल्याजवळ आहे. कमी पडतं ते एक वाक्य. ते पाठ करा आणि हेल्परला पाठ करायला लावा: "प्रेशरचं तेल हातात शिरलं आहे." ठिपका कितीही लहान असो, हे वाक्य थेट मोठ्या दवाखान्यात जाऊन बोला.

आता कोणी म्हणेल, हे सगळं मिस्त्रीला कळत नाही का? निष्काळजी असतात हे लोक, नाद नडतो.

माझं मत इथे वेगळं आहे, आणि त्यासाठीच ही पोस्ट लिहितो आहे.

जुन्या मिस्त्रींना यातलं बरंचसं माहीत असतं. वर्षानुवर्षं हातात पाना धरणारा माणूस मूर्ख नसतो. पण जेसीबीचा भाव ताशी हजाराच्या वर आहे. तेल थंड व्हायला तास लागला तर मालकाच्या डोळ्यांसमोर हजाराची नोट जळते. त्याच्यावर मशीनचा हप्ता आहे. त्याचं बिल ठेकेदाराकडे अडकलेलं आहे, ठेकेदाराचं सरकारी खात्यात. वरून आलेली घाई उतरत उतरत शेवटी त्या पान्यापर्यंत येते. "कायले टाइम घालवतं गा, खोल ना लवकर!" आणि मिस्त्रीला पैसे कशाचे मिळतात? पंप उतरवून बसवायचे. थांबायचे पैसे त्याला कोणी देत नाही. जो थांबतो त्याला मालक पुढच्या वेळी बोलावत नाही, घाई करणाऱ्याला बोलावतो.

मग अपघात झाला की आपण म्हणतो निष्काळजीपणा. निष्काळजीपणा नाही हो, तो भाव आहे. आपण ठरवलेला भाव. त्या भावात सुरक्षेचा तास धरलेलाच नाही.

मोठा अपघात झाला की सगळे जागे होतात. १ ऑगस्ट २०२३ च्या मध्यरात्रीनंतर शहापूरजवळ समृद्धीच्याच कामावर गर्डर लाँचर कोसळून २० जणांचा जीव गेला. देशभर बातमी झाली, व्हायलाच हवी होती. पण एका हेल्परचं बोट गेलं, एखादा पोरगा उचललेल्या ट्रॉलीखाली दबला, तर आतल्या पानावर चार ओळी येतात. बोटाच्या तर त्याही नाहीत. आणि जे कुठे लिहिलंच जात नाही त्याचा विचार सरकार करत नाही.

कायदा काय म्हणतो? १९४८ चा कारखाना कायदा मुळात, वीज वापरणाऱ्या ठिकाणी, १० कामगारांपासून लागू होत असे. २०२० च्या नव्या संहितेने ती मर्यादा २० वर नेली. आपल्या नाक्यावरच्या गॅरेजात माणसं किती? एक मिस्त्री, दोन पोरं. म्हणजे जिथे पंप खरोखर उघडले जातात, ती जागा जुन्या कायद्यातही नव्हती आणि नव्यातही नाही. भरपाईचा १९२३ चा कायदा होता, त्यात तक्ताच दिलेला आहे: अंगठा गेला तर कमाईची ताकद ३० टक्के कमी झाली असं धरायचं, तर्जनी पूर्ण गेली तर १४ टक्के. पण ही भरपाई मालकाने द्यायची. हेल्परचा मालक कोण? मिस्त्री. तो स्वतः उधारीवर सील किट नेतो. आणि मिस्त्रीचाच हात गेला तर त्याचा मालक कोण? कोणीच नाही. मशीनचा मालक म्हणेल, मी तर फक्त कामाला बोलावलं होतं.

अमेरिकेने १९८९ साली नियम केला की दुरुस्तीआधी मशीनला कुलूप लावायचं आणि आत साठलेली ताकद, त्यात तेलाचा दाबही आला, सोडायची. ही जबाबदारी त्यांनी मालकावर टाकली. मला त्यातली हीच गोष्ट महत्त्वाची वाटते. आपण स्टिकरवर लिहितो "सावधान", आणि जबाबदारी पान्यावर ढकलतो.

एक योगायोग सांगतो. प्रेशरचं तेल अंगात शिरून झालेल्या जखमेची सुरुवातीची नोंद अमेरिकेतल्या एका वैद्यकीय नियतकालिकात १९३७ साली छापून आली. डिझेल इंजिनातलं इंधन मांसात शिरलं होतं. त्याच १९३७ च्या ऑक्टोबरात, २२ आणि २३ तारखेला, आपल्या वर्ध्यात गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली. तिथून नई तालीम निघाली. विचार असा होता की मुलाला हाताचं काम शिकवताना त्यामागचं कारणही शिकवायचं. टकळी फिरवता फिरवता त्याला गणित आलं पाहिजे, कापूस कुठून येतो ते कळलं पाहिजे. हात आणि डोकं वेगळं करायचं नाही.

आणि आज त्याच वर्ध्यात चौदा-पंधरा वर्षांचं पोरगं गॅरेजात जातं. त्याला "कसं" शिकवलं जातं, "का" शिकवलं जात नाही. हा बोल्ट असा खोल, हा पाईप असा काढ. लिव्हर का फिरवायचा हे त्याला कोणी सांगत नाही. आयटीआयमध्ये मेकॅनिक डिझेल आहे, मेकॅनिक ट्रॅक्टर आहे, तिथले मास्तर मेहनतीने शिकवतात. पण नाक्यावर तयार झालेला मिस्त्री त्या वर्गात कधी बसलेलाच नसतो. दहावी नापास म्हणून त्याला दार बंद होतं, आणि मशिनी मात्र सगळ्यात जास्त त्याच्याच हातातून जातात.

मग करायचं काय? नुसती हळहळ नको, मागण्या ठेवतो.

एक. जिल्हा परिषद, बांधकाम खातं, जलसंधारण, जे कोणी मशीन लावतात, त्यांच्या करारात एक ओळ घाला: दुरुस्तीच्या वेळेत प्रेशर सोडण्याचा आणि तेल थंड होण्याचा वेळ धरलेला असेल, आणि त्यासाठी मशीनमालकाला दंड लागणार नाही. वरची घाई कमी झाल्याशिवाय खालची कमी होणार नाही.

दोन. आयटीआयच्या वर्कशॉप रविवारी रिकाम्या असतात. तिथे काम करणाऱ्या मिस्त्री आणि हेल्परांसाठी दोन दिवसांचा वर्ग घ्या. शिक्षणाची अट नको. बुडालेली मजुरी द्या, नाहीतर कोणी येणार नाही. शिकवायला जुन्या, जाणत्या मिस्त्रींनाच बोलवा.

तीन. मशीन विकणाऱ्यांनी प्रेशर सोडायची रीत मराठीत, त्या मॉडेलच्या चित्रासह, केबिनमध्ये आणि पंपाजवळ चिकटवून द्यावी. पुस्तक इंग्रजीत आणि तेही मालकाच्या कपाटात, याचा उपयोग काय?

चार. प्राथमिक आरोग्य केंद्रात आणि ग्रामीण रुग्णालयात एक कागद लावा: तेलाच्या प्रेशरने टोचलं असेल तर ताबडतोब सेवाग्राम किंवा सावंगीला पाठवा. याला निधी लागत नाही.

पाच. मशीनमालक भावांनो, तुम्हाला विनंती. पंपाची किंमत परत मिळते, पोराचं बोट परत मिळत नाही. मिस्त्रीने "एक तास थांबा" म्हटलं तर त्या तासाचे पैसे त्याला द्या. जो थांबायला सांगतो तोच चांगला मिस्त्री समजा आणि पुढच्या वेळीही त्यालाच बोलवा.

आणि मिस्त्री भाऊ, तुम्हाला एवढंच. मालक कितीही ओरडला तरी चावी तुमच्या खिशात असेपर्यंत मशीन तुमची आहे. लिव्हर फिरवल्याशिवाय पाना लावू नका.

पटलं तर शेअर करा. तुमच्या भागातल्या ट्रॅक्टरच्या, जेसीबीच्या, जिनिंगच्या ग्रुपवर टाका. नऊ मुद्द्यांची यादी छापून गॅरेजात लावली तर फारच उत्तम, माझं नाव नसलं तरी चालेल. कुणा जाणत्या मिस्त्रीला त्यात भर घालायची असेल, दुरुस्ती सुचवायची असेल, तर कमेंटमध्ये जरूर लिहा. तुमच्याकडूनच शिकायचं आहे.